एवढीशी पिन, भरलेली जीप

अपघाताची बातमी आली की तिच्यात एक वाक्य बहुधा ठरलेले असते. ब्रेक फेल झाला! वाचणारा क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. जणू ब्रेक म्हणजे आभाळातली वीज, कधी कोसळेल याचा नेमच नाही! पण वाचकहो, ज्यांचे हात गॅरेजमध्ये काळे झाले आहेत त्यांना विचारा. ते सांगतील की ब्रेक सहसा एकाएकी जात नाही. जाण्याआधी तो कितीतरी दिवस सांगत असतो. पेडल लटलटते, किरकिरते, पूर्वीपेक्षा खोल जाते, कधी वर यायला उशीर करते. आपण ऐकत नाही, एवढेच.

आज आम्ही जुन्या जीपच्या ब्रेकच्या पेडलाखाली जी जोडणी असते तिच्याविषयी लिहिणार आहोत. कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण आपल्या वस्त्यांकडे पाहा. कुणाचा भाऊ ड्रायव्हर, कुणाचा मुलगा गॅरेजमध्ये हेल्पर, कुणाचे वडील लेथवर काम करून निवृत्त झालेले. आणि उरलेले आपण सगळे त्या गाडीत मागे बसणारे. तेव्हा हा विषय घराचाच आहे.

जीप आपल्याकडे आली कशी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला चिखलातून आणि दगडधोंड्यांतून धावणारी हलकी गाडी हवी होती. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्ध संपता संपता, १९४५ साली, विलिसने तिचा नागरी अवतार बाजारात आणला. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटचे सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली निघाले. तेच पुढे आपल्या देशात वर्षानुवर्षे बनत राहिले. त्याच घराण्यातल्या डिझेल जीपगाड्या आणि लांब पाठीची कमांडर नंतर आली.

वर्धा जिल्ह्यात जीप पाहिली नाही असा जुना माणूस सापडणार नाही. तहसीलचे साहेब जीपने आले, लस टोचणारे आले, निवडणुकीच्या पेट्याही तिच्यातूनच गेल्या. समुद्रपूर, आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या ज्या गावांना एसटीची एखादीच फेरी होती तिथे बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला जाण्यासाठी कमांडरच उपयोगी पडली. अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघालेली किती कुटुंबे या गाड्यांत दाटीवाटीने बसून गेली, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आता रस्त्यावर नव्या बनावटीच्या गाड्या आल्या आहेत. तरीही जुनी जीप संपलेली नाही. कुणाच्या शेतावर ती आहे, कुणी हौसेने सांभाळली आहे, कुणी लग्नाच्या वरातीसाठी रंगवून ठेवली आहे. ती चालते, म्हणून तिच्यात माणसे बसतात. आणि माणसे बसतात, म्हणून तिचा ब्रेक नीट असला पाहिजे.

पायाखाली काय असते

अनेक नव्या गाड्यांत पेडल वरून लोंबते. जुन्या जीपमध्ये ते पायाखालच्या पत्र्यातून खाली जाते. खाली चेसीसला एक आडवा शाफ्ट असतो आणि त्यावर बुशच्या आधाराने पेडल फिरते. पेडलाच्या खालच्या टोकाला पिनने पुशरॉड जोडलेला असतो. तो मास्टर सिलेंडरचा पिस्टन ढकलतो. मास्टर सिलेंडरही तिथेच, चेसीसच्या अंगाला. पाय उचलला की एक स्प्रिंग पेडल मागे ओढते. पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात स्प्लिट पिन असते आणि पुशरॉडची लांबी सरकू नये म्हणून चेकनट. मुख्य भाग एवढेच.

पिस्टनने ढकललेले ब्रेक ऑईल नळ्यांतून चारही चाकांना जाते, व्हील सिलेंडर फाकतात, लायनर ड्रमला घासतात आणि गाडी थांबते. बंद नळीतला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपली मुले शाळेच्या विज्ञानात शिकतात. जीपचा ब्रेक म्हणजे त्याच नियमाचा रस्त्यावरचा प्रयोग आहे.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलेंडर आणि तेलाची एकच वाट असते. पुढच्या-मागच्या चाकांच्या दोन वेगळ्या वाटा ही सोय नंतरच्या गाड्यांत आली. म्हणून पेडलाखालची एक पिन निसटली तर एका चाकाचा नव्हे, चारही चाकांचा ब्रेक गेला. पाय रिकामा खाली जातो.

आता थोडा हिशेब करू. समजा, पेडलाची पायाकडची बाजू पिनकडच्या बाजूपेक्षा सहापट लांब आहे. याचा फायदा असा की पायाचा जोर सहापट होऊन पुशरॉडला मिळतो. तोटा असा की खालची ढिलाईही सहापट होऊन पायाला मिळते. पिन झिजली, पेडलाचे भोक झिजले, पुशरॉडचे भोक झिजले, आणि प्रत्येक ठिकाणी फक्त १ मिलिमीटर ढिलाई आली, तर खाली ३ मिलिमीटर आणि पायाजवळ १८ मिलिमीटर. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच जवळजवळ पाऊण इंच पेडल फुकट गेले. समोर गाय आडवी आली तेव्हा हा पाऊण इंच आपण कुठून आणणार?

काळ्या मातीची करामत

हे भाग गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असतात. आपली काळी माती उन्हाळ्यात धूळ होऊन उडते आणि पावसाळ्यात गोंदासारखी चिकटते. नाल्यातून गाडी गेली की ग्रीस धुऊन निघते, मागे राहतो तो चिखल. तो वाळला की बुश आणि शाफ्टच्या मध्ये कानशीसारखे काम करतो. त्यात शाफ्टचे ग्रीस निपल मातीने बुजलेले. ग्रीसगन लावली तरी ग्रीस आत जात नाही, बाहेरच ओघळते. मालक समजतो ग्रीसिंग झाले! म्हणून आमचे सांगणे असे की पावसाळा संपल्यावर, कापूस वेचणीला लागण्यापूर्वी, एकदा गाडीचे पोट धुऊन ही जोडणी पाहावीच.

न खोलता कसे ओळखावे

इंजिन बंद करून बसा. पेडल हाताने अलगद दाबा. सुरुवातीला थोडे सैल जाऊन मग जड लागले पाहिजे. त्या सैल चालीला मेकॅनिक फ्री-प्ले म्हणतात. जुन्या विलिस जीपच्या पुस्तकात ती अर्धा इंच, म्हणजे सुमारे १२ ते १३ मिलिमीटर दिली आहे. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळे माप असेल तर तेच धरावे. शाळेची फूटपट्टी लावून मोजता येते.

मग पेडल डावीकडे-उजवीकडे हलवा. खडखड हलले तर बुश किंवा शाफ्ट झिजला आहे. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, पण दोन-तीनदा पंप केल्यावर वर येते, तर बहुधा लायनरचे सेटिंग करायला हवे. पेडल स्पंजासारखे मऊ लागते, तर तेलात हवा शिरली आहे. जोर देऊन धरून ठेवले आणि पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर मास्टर सिलेंडरचे रबर गेले आहे किंवा कुठेतरी तेल गळते आहे. अशी गाडी जागेवरून हलवू नये. आणि कितीही पंप केले तरी वरची मोकळी लटलट तशीच राहिली, तर पेडलाखालच्या जोडणीकडे वळा.

वर्ध्याच्या एका गॅरेजात आम्ही ऐकलेला संवाद सांगतो. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, ब्रेक लागते ना गाडीले, मग खोलाचं कायले? आज सीट भरून हाय."

मिस्त्री खालूनच बोलला, "लागते म्हणूनच खोलतो भाऊ. लागला नसता तं तू इथं आला असता का?"

त्यांनी पिन काढून ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवली. मधोमध कंबर बारीक झालेली, आणि तिच्या टोकाला स्प्लिट पिनऐवजी वाकवलेला खिळा! ड्रायव्हर काही बोलला नाही. त्याने सीट उतरवायला सांगितले.

खोलताना

ज्यांना हे काम येते त्यांच्यासाठी आणि शिकणाऱ्या पोरांसाठी क्रम सांगतो. ज्यांनी कधी केलेले नाही त्यांनी जाणत्या मेकॅनिकजवळ उभे राहून शिकावे. एकट्याने प्रयोग करू नये.

गाडी सपाट, कडक जागेवर घ्यावी. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. इथे जुन्या जीपची एक खोड माहीत हवी. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर एक वेगळा ड्रम असतो, तिथे तो लागतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरेही फिरू शकते. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते! म्हणून ठोकळे हवेतच, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नये. खाली भक्कम स्टँड लावावा.

मग चिखल खरवडून तारेच्या ब्रशने भाग साफ करावेत. लोखंडी भागांना रॉकेल चालते. रबराला रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑईल अजिबात लागू देऊ नये. रबर फुगते आणि मास्टर सिलेंडर अडकतो. स्प्रिंग ताणलेली असते. ती आकड्याने, तोंड बाजूला ठेवून काढावी. त्यानंतर स्प्लिट पिन, मग मोठी पिन, मग चेकनट सैल करून पुशरॉड. कोणता भाग कोणत्या तोंडाने बसला होता ते खडूने खूण करून ठेवावे.

काय बदलायचे

इथेच बहुतेकांची काटकसर चुकते. पिन खराब दिसली, पिन बदलली, काम संपले असे होत नाही. नवी गोल पिन जुन्या लांबट झालेल्या भोकात टाकली तर ढिलाई थोडीच कमी होते आणि नवी पिनही लवकर झिजते. पिन, बुश, शाफ्ट आणि भोके ही सगळी एकत्र पाहावीत.

शाफ्टवरून नख फिरवा. खाचेत नख अडकले तर शाफ्ट बदला. झिजलेल्या शाफ्टवर नवा बुश म्हणजे फाटक्या कापडाला नवे ठिगळ. बुश ठोकून बसवू नये, व्हाईसमध्ये सरळ दाबून बसवावा आणि शाफ्टच्या मापाने रीमर फिरवावा. बुशला ग्रीसचे भोक असेल तर ते निपलच्या समोरच आले पाहिजे, नाहीतर ग्रीसची वाट कायमची बंद. पेडलाचे भोक लांबट झाले असेल तर चांगल्या लेथवाल्याकडून ते बोअर करून त्यात बुश घालून घ्यावा. वेल्डिंगचा गोळा भरून डोळ्याच्या अंदाजाने पुन्हा भोक पाडणे म्हणजे जिवाशी खेळ. पेडलाच्या हाताला चीर दिसली किंवा पुशरॉड वाकलेला असला तर डागडुजी नको, भागच बदला. स्प्रिंग ढिली पडली असेल तर तीही.

मॉडेलप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे हे भाग बदलतात, म्हणून दुकानात जाताना जुना भाग सोबत न्यावा आणि नव्याला लावून पाहावा. पिन मापाची आणि चांगल्या पोलादाचीच घ्यावी. खिळा, सायकलचा आरा, बांधणीची तार या वस्तू आपापल्या जागी चांगल्या आहेत, ब्रेकमध्ये नाहीत. खिळा मऊ असतो. रोजच्या शेकडो दाबांनी तो घासतो, वाकतो आणि एके दिवशी गळून पडतो. स्प्लिट पिन तर प्रत्येक वेळी नवीच घालावी. एकदा सरळ केलेली पिन पुन्हा वाकवली की तिथेच तुटते.

बसवताना आणि तपासताना

सगळे भाग ग्रीस लावून जोडावेत. स्प्लिट पिनचे दोन्ही पाय नीट फाकवावेत. पुशरॉड फिरवून फ्री-प्ले मापात आणावा आणि चेकनट घट्ट करावा.

काही जण ब्रेक "कडक" हवा म्हणून फ्री-प्ले पूर्ण काढून टाकतात. हे तर आणखी धोक्याचे. पाय उचलल्यावर पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, तरच तेल परत टाकीत जाण्याचे बारीक भोक उघडते. फ्री-प्ले नसेल तर ते भोक बंदच राहते आणि दाब आतच कोंडतो. लायनर घासत राहतात, ड्रम तापतो, तापलेले तेल फुगते आणि ब्रेक आपोआप आणखी आवळत जातो. शेवटी चाके जाम होतात. सैलपणा नसणे म्हणजे चांगली दुरुस्ती नव्हे, मापात सैलपणा असणे म्हणजे चांगली दुरुस्ती.

आता इंजिन बंद ठेवून पेडल जोराने मिनिटभर दाबून धरा. ते बसता कामा नये. पाय सोडताच झटकन वर यावे. खालच्या पत्र्याला किंवा पायपुसणीला अडकू नये. मागचा लाल दिवा लागतो का, ते दुसऱ्याला पाहायला सांगा. मग रिकामी गाडी मोकळ्या मैदानात अगदी हळू चालवून थांबवा. एका बाजूला ओढते का, पाहा. दोन-चार किलोमीटर चालवून उतरा आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्या. एखादा फार तापला असेल तर ब्रेक सुटत नाही असे समजा. हे सगळे झाल्यावरच सीट भरावी. आठवडाभराने पिन आणि चेकनट पुन्हा एकदा पाहावेत.

जबाबदारी कुणाची

अपघात झाला की पहिला हात ड्रायव्हरच्या कॉलरवर पडतो. गाडी दुसऱ्याची, दुरुस्तीचे पैसे दुसऱ्याच्या खिशात, आणि तुरुंगाची वाट मात्र ड्रायव्हरची, हे आपण पाहत आलो आहोत. म्हणून कायदा काय म्हणतो ते प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९० सदोष गाडीविषयी आहे. माणसांना धोका होईल असा दोष गाडीत असताना ती चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी. मला दोष माहीत नव्हता, एवढे म्हणूनही सुटका नाही. साधी काळजी घेतली असती तर जो दोष दिसला असता, तोही या कलमात येतो.

साधी काळजी! पेडल हाताने हलवून पाहणे, खाली वाकून पिन पाहणे, याहून साधी काळजी कोणती? म्हणून ड्रायव्हर बंधूंनी ब्रेकची तक्रार मालकाला नुसती तोंडी सांगू नये. तारीख घालून दोन ओळी लिहून द्याव्यात आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. लिहिता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून लिहून घ्यावे. मालकांनीही समजून घ्यावे की एका पिनसाठी थांबवलेली गाडी एक दिवसाची कमाई बुडवते, न थांबवलेली गाडी काय काय बुडवते त्याचा हिशेब मांडता येत नाही.

आठ वर्षांपुढच्या प्रवासी गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग ५ वर्षांपुरती वाढवून मिळते. हे कागद आवश्यकच आहेत. पण कागद वर्षातून एकदा होतो आणि पेडल रोज दाबले जाते. कागदावरचा शिक्का पिन धरून ठेवत नाही.

मागे बसणाऱ्या आपल्यालाही तोंड आहे. लग्नाची, सहलीची, नागपूरची गाडी ठरवताना आपण भाड्याची घासाघीस करतो, तेव्हा ब्रेकचे काम कधी केले हेही विचारावे. दहा जणांच्या गाडीत अठरा जण कोंबायचे आणि मग ब्रेकला बोल लावायचा, हेही बरे नव्हे. भार वाढला की थांबायला अंतर वाढते. वेग दुप्पट केला तर ते चौपट होते.

शेवटी एक गोष्ट गॅरेजमधल्या आपल्या पोरांसाठी. "ही पिन इथं घाल" एवढेच सांगून त्यांच्याकडून काम करून घेतले जाते. ती का घालायची, मापात का हवी, खिळा का नको, हे त्यांना कुणी सांगत नाही. ज्याला फक्त "कसे" कळते तो जन्मभर हेल्पर राहतो. ज्याला "का" कळते तो मिस्त्री होतो. दहावी झालेल्या मुलांनी आणि मुलींनीही आयटीआयच्या मोटार मेकॅनिक शाखेची चौकशी जरूर करावी. हाताला काम आहेच, त्याला ज्ञानाची जोड द्यावी. आणि जे आज गाडीखाली झोपून नट आवळत आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपण आवळलेल्या नटावर कोण विसंबून बसणार आहे, हे आपल्याला कधी दिसत नाही. कुणाची तरी बाळंतीण लेक असेल, कुणाचे परीक्षेला निघालेले लेकरू असेल. ते आपले नाव कधी विचारणार नाहीत. सुखरूप उतरून घरी जातील, हीच आपल्या कामाची पावती.